डिस्प्ले येत नाहीये

‘फॅन फिरतोय, लाइट लागलाय, पण डिस्प्ले येत नाहीये.’ कॉम्प्युटरची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते, आणि ती ऐकून दुरुस्तीला सुरुवात करणं जवळपास अशक्य असतं. पडदा काळा आहे हे कळलं, पण तो केव्हापासून काळा आहे? बटण दाबल्यापासूनच? कंपनीचा लोगो चमकून गेल्यावर? की विंडोजची टिकल्यांची चकती गरागरा फिरून थांबल्यावर? हे तीन वेगळे आजार आहेत. लोगोच्या आधी अंधार असेल तर दोष बहुधा वस्तूंमध्ये, म्हणजे हार्डवेअरमध्ये असतो, नंतर असेल तर बहुधा सॉफ्टवेअरमध्ये. एवढं पाहून ठेवलं तरी निम्मा खर्च वाचतो. लोक मात्र मॉनिटरच्या पाठीत एक धपाटा घालतात.

मॉनिटरवरचा संशय आधी फेडून टाकावा. तो चालू ठेवून केबल काढायची. पडद्यावर ‘नो सिग्नल’ किंवा तत्सम पाटी आली, तर मॉनिटर ठणठणीत आहे. ती पाटी बघून लोक घाबरतात, खरं तर ती चांगली बातमी असते. मग मेनूत जाऊन सोर्स बघायचा: केबल एचडीएमआयला आणि मॉनिटर व्हीजीएवर वाट बघत बसलाय, असं दिवाळीच्या साफसफाईनंतर हमखास होतं. पाटीच आली नाही, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. पुसटसं चित्र दिसलं, तर पॅनेल जिवंत आहे आणि मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेलाय.

केबल कॅबिनेटच्या कोणत्या भोकात आहे, हेही तिथेच बघून घ्यावं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल खालच्या आडव्या पट्टीत, कार्डालाच लागली पाहिजे; वर यूएसबीच्या शेजारी असलेल्या मदरबोर्डच्या एचडीएमआयला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यात चित्र काढण्याची सोयच नसते. रायझन ५६०० चंही तेच. ५६००जी मध्ये ती आहे. थोडे पैसे वाचवायला ‘एफ’ घेतला आणि पुढे कधी ग्राफिक्स कार्ड काढलं, की वरचं भोक नुसतं शोभेचं उरतं.

एवढं करूनही अंधारच असेल तर कॅबिनेट उघडावं लागतं. बटण दाबल्यावर मदरबोर्ड ठरलेल्या क्रमाने तपासणी करतो: वीज, प्रोसेसर, रॅम, मग ग्राफिक्स. पंगतीत मीठ-लिंबापासून सुरू होऊन वरणभातावर तूप पडेपर्यंत कोणी घास उचलत नाही, तसं आधीचं जागेवर आल्याशिवाय पडद्याला काही मिळत नाही. म्हणून रॅमची तक्रार पडद्यावर लिहून येऊ शकत नाही. ती आवाजाने किंवा दिव्याने सांगावी लागते. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर मदरबोर्डवर सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम; जुन्या अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची गडबड. हल्ली बऱ्याच बोर्डांना स्पीकरच नसतो. त्याऐवजी अनेकांवर कडेला चार बारीक दिवे असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज सुरू होणं). जो दिवा लागून राहील, तिथे गाडी अडली. ते दिवे आधी वाचावेत आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा.

डीरॅमचा दिवा अडला आणि महिना जुलै-ऑगस्टचा असेल, तर खोडरबर शोधायला लागा. आमच्या नाशिकला गंगापूर धरणाकडून येणारी दमट हवा आठवडाभर घरात मुरली, की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर बसतो आणि स्लॉटशी संपर्क तुटक होतो. वायर भिंतीतून काढायची, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत उरलेली वीज जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. रॅम काढून पट्ट्यांवर पेन्सिलचा मऊ रबर एकाच दिशेने हलका फिरवायचा. शाईचा खरखरीत रबर नको, तो सोन्याचा मुलामाच खरवडतो. रबराचा भुगा ब्रशने झटकायचा, तोंडाने फुंकायचा नाही, थुंकी उडते. बसवताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. बऱ्याच नव्या बोर्डांवर एकाच बाजूला खिटी असते, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट राहून जाते. दोन रॅम असतील तर आधी एकच लावून बघा, चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये.

डीडीआर-५ या नव्या पिढीच्या रॅमवाल्यांनी इथे धीर धरावा. नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा बोर्ड तिची चाचपणी करत बसतो आणि पडदा काही मिनिटं काळाच राहतो. घाबरून बटण दाबलं, की चाचपणी पुन्हा पहिल्यापासून.

धुळीची गोष्ट निराळी. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये कॅबिनेट जमिनीवर ठेवलेलं असतं आणि शेजारी लेथ. तिथली धूळ धातूची, म्हणजे वीजवाहक. कॅबिनेट निदान टेबलावर तरी चढवा. खंडेनवमीला हळदकुंकूही बाहेरूनच वाहावं. पुढचा पंखा हवा आत ओढतो आणि कुंकू थेट ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात जाऊन बसतं.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा आणखी एक नमुना दिसतो: सकाळी पहिल्या-दुसऱ्या दणक्यात डिस्प्ले नाही, तिसऱ्याला येतो, मग दिवसभर काही नाही. हे एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हाताऱ्या कपॅसिटरचं लक्षण. थंडीत त्यांचा अंतर्गत अवरोध वाढतो आणि सुरुवातीचा भार त्यांना पेलवत नाही. एसएमपीएस उघडू नये, बंद असतानाही आत झटका बसण्याइतकी वीज असते. तो बदलावा. बदलताना प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वायर विसरू नका. ती राहिली तर पंखे छान फिरतात आणि बाकी काही होत नाही.

बायोसमध्ये काही फिरवल्यानंतर अंधार झाला असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत लावावा, सेटिंग मूळ जागी येतात. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी शोधून ठेवा, नाहीतर डिस्प्ले येईल आणि तो ४८ आकडे मागेल.

लोगो दिसून मग काळोख होत असेल, तर यातलं काहीच करायला नको. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली, की ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. विंडोज आणि पी दाबून पाहावं, कारण कधी चित्र शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर जाऊन बसलेलं असतं. काहीच नाही झालं, तर विंडोज सुरू होताना पॉवर बटण दाबून बंद करायचं. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं, की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून स्टार्टअप सेटिंगमध्ये चार दाबलं की सेफ मोड. आदल्या रात्री आपोआप आलेला ड्रायव्हर तिथून मागे घेता येतो. रिझोल्यूशन भलतंच ठेवल्यामुळे मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणत असेल, तर चारऐवजी तीन, म्हणजे विंडोज कमी रिझोल्यूशनने सुरू होतं.

इतकं होऊनही कॅबिनेट एम. जी. रोडच्या दुकानात न्यायची वेळ आली, तर आपली केबल आणि जमल्यास मॉनिटरही सोबत घ्या. दुकानात लावताक्षणी डिस्प्ले येतो, असं फार वेळा होतं. त्याचं कारण कधी घरची केबल असते, आणि कधी स्कूटरवर पायापाशी ठेवलेल्या कॅबिनेटला रस्त्यातल्या खड्ड्यांनी दिलेले हादरे. त्यात रॅम आपोआप नीट बसलेली असते. दुकानदाराला तेवढ्यासाठी तरी ती काढून, पुसून परत लावायला सांगा.