‘एकमेव’ लिहिण्याआधी

लोणार म्हणजे बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेलं जगातलं एकमेव विवर, हे वाक्य क्विझच्या प्रश्नांत अजून फिरतं. ते चूक आहे. ब्राझीलमध्ये पाराना खोऱ्यातल्या बेसॉल्टमध्ये वार्जेआंव आणि व्हिस्टा अलेग्रे अशी दोन विवरं आहेत, साधारण १२ आणि साडेनऊ किलोमीटर व्यासाची. पण ती झिजून गेली आहेत. लोणारचं विवर जेमतेम १.८ किलोमीटरचं, तरी त्याची कड आणि खोलगट आकार शाबूत आहे. चंद्रावरचे काळसर सपाट भागही बेसॉल्टचेच, म्हणून तिथली लहान विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. ‘बेसॉल्टमधलं, उत्तम टिकलेलं लहान विवर’ असं लिहिलं तर लोणारचं महत्त्व तसूभरही कमी होत नाही, आणि वाक्य खरं राहतं.

‘एकमेव’ शब्द लिहायचा असेल तर तीन गोष्टी आधी ठरवाव्यात: यादी कुठली, व्याख्या कुठली आणि कोणत्या तारखेपर्यंत. बहुतेक चुका तिसऱ्या ठिकाणी होतात.

भाऊसाहेब निंबाळकरांचंच बघा. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२च्या तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी करायला फक्त ९ धावा हव्या होत्या, आणि खेळातल्या मधल्या सुट्टीत काठियावाडने सामनाच सोडून दिला. पुढे निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही. ही हळहळ आजही जात नाही. त्यामुळे ‘प्रथम श्रेणीत ४००च्या वर धावा करूनही कसोटी न खेळलेला एकमेव फलंदाज’ ही त्यांची ओळख कित्येक वर्षं पक्की होती. २०२२च्या जुलैमध्ये काउंटी क्रिकेटमध्ये ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्टने लेस्टरशायरविरुद्ध नाबाद ४१० केल्या. तोही कसोटी खेळलेला नव्हता. जुने प्रश्नसंच त्या दिवशी बाद झाले. रणजीतली एकमेव चौशतकी खेळी मात्र अजून निंबाळकरांचीच.

असा दावा तपासताना नुसतं नाव शोधून भागत नाही. ४००च्या वरच्या खेळ्या डझनाच्या आत आहेत, तेव्हा अख्खी यादी वाचावी आणि प्रत्येक नावापुढे कसोटी खेळला की नाही ते लिहावं. यादी लांबलचक असेल आणि पूर्ण वाचता येत नसेल तर ‘दुर्मीळ’ लिहून थांबावं.

अटींचंही भान हवं. कसोटीच्या एका डावात दहाच्या दहा बळी तिघांनी घेतले: जिम लेकर (१९५६), अनिल कुंबळे (१९९९) आणि एजाझ पटेल (२०२१, वानखेडे). त्यांतला एजाझ हा परदेशात ते करणारा एकमेव, आणि संघ हरूनही ते करणाराही एकमेव. एकाच अटीत वेगळेपण दिसतं, म्हणून दावा भक्कम. त्याचा जन्मही मुंबईतलाच, पण ती चौथी-पाचवी अट घातलीत की कोणीही एकमेव ठरतो.

‘पहिला’ कधी शिळा होत नाही, ‘एकमेव’ होतो. नोबेल आणि ऑस्कर दोन्ही मिळवणारा माणूस म्हणून नाटककार बर्नार्ड शॉ २०१६पर्यंत एकटे होते. त्या वर्षी गायक-गीतकार बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं, ऑस्कर त्याच्याकडे २००१पासून होतंच. शॉ आता पहिले आहेत, आणि पहिलेच राहतील.

उलट काही ‘एकमेव’ गोष्टी जगातूनच नाहीशा होतात. बांगलादेशात भारताचा तुकडा, त्यात बांगलादेशचा, त्यात पुन्हा भारताचा: दहाला खागराबाडी हे अशा तिहेरी वेढ्यातलं जगातलं एकमेव ठिकाण, एक साधं शेत. ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री दोन्ही देशांत अशा तुकड्यांची अदलाबदल झाली. आता इथे ‘होतं’ लिहायचं.

मराठीत सर्वांत जास्त घोळ ज्ञानपीठचा. स्पर्धा परीक्षांच्या तक्त्यांत चार नावांपुढे चार पुस्तकं असतात: खांडेकर ‘ययाति’, कुसुमाग्रज ‘विशाखा’, विंदा ‘अष्टदर्शने’, नेमाडे ‘हिंदू’. ज्ञानपीठ एका ग्रंथासाठी दिलं जायचं ते १९८२च्या सुमारापर्यंतच, नंतर लेखकाच्या एकूण कार्यासाठी. १९७४चे खांडेकर त्या बदलाच्या आधीचे, बाकी तिघे (१९८७, २००३, २०१४) नंतरचे. म्हणजे ज्या एकमेव मराठी पुस्तकाला ज्ञानपीठ मिळालं ते ‘ययाति’. तक्त्यात उरलेल्या तिघांपुढे ‘एकूण साहित्य’ असं लिहावं.