दीड किलोवाल्यांचं गॅदरिंग

गॅदरिंग शाळेचं असतं, कॉलेजचं असतं, फार तर सोसायटीचं. आमचं दवाखान्याचं होतं, आणि तेही लहान मुलांच्या. रत्नागिरीतल्या एका मुलांच्या हॉस्पिटलात मी केस पेपरच्या खिडकीत बसायचो, रिटायर होईपर्यंत तिथंच, आणि तिथला स्टाफ न काही पालक मिळून एक मंडळ होतं. रजिस्टर्ड वगैरे काही नाही, वर्गणीची वही आणि एक लोखंडी ट्रंक एवढीच इस्टेट. हे मंडळ दरवर्षी नोव्हेंबरात मेळावा घ्यायचं.

नोव्हेंबरच का, तर पाहुण्यांना सांगायला कारण तयार असायचं की १७ नोव्हेंबरला वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा जागतिक दिवस असतो. खरं कारण भातकापणी. दिवाळीनंतर कापणी-झोडणी आटपलेली असते, आंब्याच्या फवारण्या लागायच्या असतात, त्यामुळे माणसाला एखादा दिवस मोकळा मिळतो. पावसात ठेवलं तर लांजा-राजापूरकडची माणसं येणार कशी, मे महिन्यात चाकरमानी आणि लग्नं, आणि शिमग्यात म्हणाल तर आमचे निम्मे वॉर्डबॉय पालखीबरोबर गावाला. म्हणजे नोव्हेंबरच.

हॉस्पिटलात काम करणाऱ्याचं एक असतं, पोर बरं झालं की ते परत दिसत नाही. दिसूच नये असंच आम्ही म्हणायचो, डिस्चार्जच्या दिवशी मोठ्या सिस्टर आईला सांगायच्या, "जा गो बाय, परत तोंड दाखवू नको हितं." पण त्याचा अर्थ असा की आम्हाला पोरं माहीत ती फक्त आजारी. रडणारी, सलाईन लावलेली, निळ्या लाईटखाली डोळ्याला पट्टी बांधून पडलेली कावीळवाली. धावणारं पोर बघायचं तर वर्षातनं तो एकच दिवस, म्हणून स्टाफची सुट्टी असली तरी त्या दिवशी झाडून सगळे हजर असायचे, नाईट करून आलेल्या सिस्टर पण घरी न जाता थांबायच्या.

त्यातनं नवजात बाळांचं तर आणखीच वेगळं. त्यांना कागदावर नाव नसतं, आईच्या नावावर नोंद, 'बेबी ऑफ' अमुक अमुक. हजारो वेळा लिहिलं असेल मी ते. आणि आत सिस्टर लोक आईचं पण नाव घेत नसत, तीन नंबरचं अकराशे ग्रॅम, पाच नंबरचं दीड किलो, झालं. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात, दीडच्या आतलं फारच कमी, आणि आमच्याकडे किलोच्या आतबाहेरची पण यायची, तळहाताएवढी. तीच पोरं मेळाव्याला नाव घेऊन यायची, आडनावासकट, दप्तर घेऊन, एखादा तर चष्मा घालून. गेटपाशी वह्या घेऊन मीच बसायचो, त्यामुळे पहिली भेट माझी. एक आजी नातवाला पुढे ढकलून म्हणाली, "वळाकलात काय सिस्टर? ह्योच तो अकराशे ग्रामवाला, आता गडग्यावरनं उड्या मारतोय, आयकत नाय कुनाचा." सिस्टरनी त्याचा पाय उचलून टाच बघितली. "मेल्या, किती वेळा टोचलंय रे तुला हितं." पोरगं लाजून आजीच्या पदरामागे.

कार्यक्रमात बक्षिसं, भाषणं, नाच हे सगळीकडे असतं तसंच, त्यात विशेष काही नाही. भाषणं तर सोडूनच द्या. पण बापांची स्पर्धा सांगायलाच हवी. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी उभं धरून कापडानं बांधायचं, त्याला कांगारू म्हणतात, बाळ गरम राहतं, दूध नीट पितं, वजन धरतं. हे १९७८ च्या सुमारास कोलंबियात बोगोटा शहरात सुरू झालं, तिथं बाळाला गरम ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त. आमच्याकडे पण तीच परिस्थिती होती म्हणा. आई सीझरची असली की बापाला बसवायचे, आणि त्यावरनं काय काय ऐकून घेतलंय सिस्टरनी, "बाप्यान कसला पॉर बांदायचा" म्हणून सासवा तणतणत बाहेर यायच्या न माझ्या खिडकीशी येऊन तक्रार करायच्या, जसं काय मी बांधलंय. तर मेळाव्यात बापांना स्टेजवर बोलावून बाहुली द्यायची, टोपी-मोजे घालून छातीला बांधायची, मान एका बाजूला, नाक मोकळं, आणि मग दोन्ही हात सोडून स्टेजवर चालून दाखवायचं. दरवर्षी मिरकरवाड्याचे खलाशी जिंकायचे. गाठ मारण्यात त्यांच्यापुढे कोण टिकणार! एका वर्षी बाकीच्या बापांनी ऑब्जेक्शन घेतलं की यांना वेगळ्या गटात टाका.

आणि संकासूर. ही आयडिया कुणाची होती ते मंडळात कुणीच कबूल करत नाही. गुहागरकडच्या एका पालकाचा नमनाचा, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचा ग्रुप होता, त्यांनी हौसेनं त्यातलं सोंग, संकासूर आणला, काळा झगा, ती उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, आणि आला तो थेट वॉर्डातनं. जी पोरं इंजेक्शनला रडली नव्हती ती पण रडली. एकच मुलगी, दम्याची, नेब्युलायझरचा मास्क तोंडावर तशीच बसली न त्याच्याकडे टक लावून बघत राहिली, शेवटी संकासूरच ओशाळून मागे फिरला. पुढच्या वर्षीपासून त्याला मांडवातच ठेवला.

पण माझ्या मते मेळाव्याचा जीव होता बातमीपत्र. फुलस्केपची दोन पानं, वर्षभराच्या बातम्या, आणि वाचायच्या लाँड्रीतल्या मावशी, अगदी रेडिओच्या आवाजात, "ठळक बातम्या" असं म्हणून एक क्षण थांबून. मजकूर गोळा करायचं काम माझ्याकडे कारण खिडकीवर सगळंच कळतं. कुणाचं लग्न ठरलं, जनरेटर किती वेळा बंद पडला, वॉचमन नानांच्या फणसाला यंदा किती लागले आणि त्यातले किती डॉक्टरांच्या गाडीत गेले. मग पोरांच्या बातम्या. परळला गेलेल्यांच्या आधी. आमच्याकडे जे होत नसे, हृदयाचं ऑपरेशन वगैरे, ती पोरं मुंबईला जायची, पुष्कळशी परळच्या वाडियाला, ते १९२९ सालचं मुलांचं हॉस्पिटल, लालबाग-परळात कोकणातल्या प्रत्येकाचा कोण ना कोण काका-मामा असतोच त्यामुळे राहायची सोय व्हायची. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्याच्या आधीचं आठवलं तर अंगावर येतं, रात्रीची एसटी, कशेडीचा घाट, मांडीवर पोर. त्यातलं कोण परत आलं हे मावशी वाचायच्या आणि ते पोर मांडवात असलं तर उभं करायच्या. टाळ्या पडायच्या त्या मंत्र्याला पण मिळाल्या नसतील.

विंचवाची बातमी दरवर्षी असायचीच. कापणीच्या दिवसांत पेंढ्यात, जांभ्याच्या गडग्यात लाल विंचू, आणि पोरांचा हात आधी तिथंच जाणार. मोठ्या माणसाला पुष्कळदा नुसती ठणक लागते पण लहान पोराला घाम सुटतो, ओकाऱ्या, हातपाय गार, हृदयावर जातं, आणि पूर्वी कितीतरी पोरं अशी गेली, मांत्रिकाकडे वेळ घालवून तर जास्तच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात असताना याच्यामागे लागले, आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचवावर लागू पडते हे त्यांनी जगाला दाखवलं. लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलेला कोकणचा विंचू! २०२२ ला त्यांना पद्मश्री झाली, त्यानंतरच्या बातमीपत्रात पहिली बातमी तीच होती, नानांचा फणस दुसऱ्या नंबरवर गेला म्हणून नाना थोडे नाराज.

आणि एक २०१४ ची. २७ मार्चला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला होता, मेळावा नोव्हेंबरात, म्हणजे बातमी तशी शिळी. पण मावशींनी वाचली आणि मागच्या रांगेत रिटायर झालेल्या एक नर्सबाई बसल्या होत्या, १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हापासून बर्फाचा डबा घेऊन खाडीपलीकडच्या वाड्यांवर होडीनं जाणाऱ्या, त्या उभ्या राहिल्या न म्हणाल्या, "परत वाचा." परत वाचली.

जेवण म्हणजे दडपे पोहे, नाचणीचे लाडू आणि कोकम सरबत, ठरलेलं. पोहे करायच्या त्या बाई लांज्याकडच्या. त्यांचं बाळ आमच्याकडे होतं आणि ते वाचलं नाही, किती वर्षं झाली त्याला. पहिल्या वर्षी त्या आल्या तेव्हा आम्हाला कळेचना की बोलायचं काय, बोलावणं कुणी केलेलं नव्हतं. त्यांनी सरळ पदर खोचला, नारळ खवायला घेतला. तेव्हापासून पोहे त्यांचेच, कांदा किती, लिंबू किती, दडपून किती वेळ ठेवायचं यात कुणी बोललं तर चालत नाही, मोठ्या सिस्टरना पण त्यांनी एकदा हाकलली होती किचनमधून. बातमीपत्र सुरू झालं की मात्र त्या हात पुसून बाहेर यायच्या, खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकायच्या.

२०२० ला कोरोनामुळे झालं नाही, २०२१ ला जुलैत चिपळूण बुडालं न आमच्यातली निम्मी माणसं आपापल्या घरचा चिखल काढण्यात, परत खाडा. नंतर सुरू झालं ते जरा शायनिंगमध्ये, एलईडी स्क्रीन, स्पॉन्सर, पोरांना ट्रॉफ्या. तरुण डॉक्टर चांगले आहेत, मनापासून करतात, पण बातमीपत्राच्या जागी त्यांनी पीपीटी आणली, त्यात किती ॲडमिशन, किती डिस्चार्ज, पाय चार्ट. मावशींनी ते बघून विचारलं, "ह्यात पोरां खंय?" पुढच्या वर्षी पाच मिनिटं परत मिळाली आम्हाला, पीपीटीच्या नंतर, जेवणाच्या आधी, म्हणजे सगळ्यात भुकेच्या वेळेला, तरी कुणी उठलं नाही.

वर्गणीतनं जे उरायचं त्याची लोकर यायची. बाळाचं अंग डोक्यातनं लवकर गार पडतं म्हणून टोप्या लागतातच, आणि रत्नागिरीच्या उकाड्यात लोकर कोण ठेवणार दुकानात, मग कोल्हापूरला कुणी जाणारं असलं की त्याच्या गळ्यात काम. एकदा एकानं स्वस्त मिळाली म्हणून सगळी पिवळीच आणली, चांगली मोठी पिशवी भरून. सिस्टर बायका दुपारच्या मोकळ्या वेळात विणायच्या, दोन महिने सगळं युनिट पिवळंधमक, आणि आया येऊन विचारायला लागल्या की आमचं कुठलं. शेवटी मोठ्या सिस्टरनी प्रत्येक टोपीला वेगळ्या रंगाचा गोंडा लावायला सांगितला, त्या गोंड्यांची लोकर मंडळाच्या हिशोबात धरायची की हॉस्पिटलच्या, यावर मीटिंगमध्ये तासभर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.