वर्कशॉपचे घड्याळ आणि जुन्या टॉर्चची डागडुजी

माझ्या जी-शॉकच्या काचेवर ओरखडे भरपूर आहेत, पण घड्याळ बंद पडलेले नाही. कॅसिओचे अभियंते किकुओ इबे यांनी १९८३ साली आलेल्या पहिल्या जी-शॉकसाठी १० मीटरवरून पडणे, १० बार दाबाचे पाणी आणि १० वर्षांची बॅटरी, अशी तीन उद्दिष्टे ठेवली होती. म्हणूनच त्याचा गाभा कवचात मोजक्याच ठिकाणी टेकतो, जणू तरंगतो. रेझिनचा पट्टा मला आणखी एका कारणाने बरा वाटतो, कारण धातूचा पट्टा लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना लागला तर मनगट भाजते. ड्रिल किंवा लेथवर मात्र कोणतेही घड्याळ काढूनच ठेवावे.

घरातली दोन मोठ्या सेलची पितळी टॉर्च मी एलईडीवर आणली. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि दोन नवे सेल जेमतेम तेवढेच देतात, त्यामुळे उजेड लवकर मंदावतो. म्हणून संरक्षक सर्किट असलेला एक १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवला आणि मागची मोकळी जागा पितळी स्प्रिंगने भरून काढली. सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. १ वॉटच्या एलईडीसाठी मालिकेत ३.३ ओहमचा रेझिस्टर पुरला.

पहिल्यांदा एलईडी नुसता गोंदाने चिकटवला, तो तापून निकामी झाला. आता तो ॲल्युमिनियमच्या चकतीवर उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट लावून बसवला आहे. चकती एक मिलिमीटर मागेपुढे सरकवली तरी भिंतीवरचा झोत विस्कटतो, तेव्हा तिथे घाई करून चालत नाही.