वऱ्हाडीतला र

शनिवार, रात्री साडेअकरा

कूलर नुसता घरघरतोय, हवा गरमच. मे महिन्यात नागपुरात माणसानं नवीन काम काढू नये, पण मी काढलं. स्वतःचा ब्लॉग. दहा-बारा वर्षं वह्यांमध्ये लिहून ठेवलेलं एका जागी आणायचं, एवढाच बेत होता. ते दिसायचं कसं, हा प्रश्न मध्ये येईल असं वाटलंच नव्हतं. दिवसभर मी टॅलीत व्हाउचर टाकते. डिझाइनशी संबंध म्हणजे दिवाळीची रांगोळी, तीही ठिपक्यांची.

पहिल्या बैठकीतले पराक्रम: नागपूरचा ब्लॉग म्हणून मागे संत्र्याचा रंग, त्यावर पांढरी अक्षरं. वर मोठ्या अक्षरांत नाव, "वऱ्हाडी वही". इंग्रजी साइटांवर शीर्षकाची अक्षरं लांब लांब ठेवलेली पाहिली होती, फार ऐटदार दिसतात. म्हणून मीही अंतर वाढवलं. आईला दाखवलं. ती म्हणाली, "हे कायले असं तुटकं तुटकं? दात पडल्यावानी."

बरोबर होतं. शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटली होती. इंग्रजी अक्षरं आपापली सुटी उभी असतात, आपली एका दांडीला लटकलेली. अंतर शून्य केलं आणि झोपायला गेले.

रविवार

दुपारी फोन घेऊन गच्चीवर गेले, बाहेर उन्हात काय दिसतं ते बघायला. काही दिसलं नाही. संत्र्यावरचं पांढरं उन्हात गडपच झालं. खाली येऊन रंग मोजायचं साधन शोधलं. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान 4.5 हवं, माझं भरलं 2.3. आता मागे सायीचा रंग आणि अक्षरं गडद तपकिरी, गुणोत्तर 13 च्या आसपास. संत्रं फक्त शीर्षकाखालच्या रेघेत उरलं. जीव तुटला थोडा.

ओळींमधलं अंतरही वाढवलं. 1.4 होतं, त्यात वरच्या ओळीतल्या "त्रू"चा उकार खालच्या ओळीतल्या "र्की"च्या डोक्यात घुसत होता. 1.8 वर शांतता. दोन्हीकडच्या कडा सरळ करायचा मोहही सोडला. फोनच्या अरुंद पडद्यावर मराठीचे लांब शब्द मावत नाहीत, मग मधे हे एवढे खड्डे पडतात.

मंगळवार

मामा आला होता. नागपुरातल्या महाल भागात एका छापखान्यात त्यानं जन्मभर खिळे जुळवले. मला वाटलं रंगाबद्दल बोलेल. त्यानं चष्मा वर केला, फोन हातभर लांब धरला आणि म्हणाला, "हा रफार कुठून आला बाई?"

मी म्हटलं कुठला रफार?

"वऱ्हाडीवर. तू वर्हाडी लिहिलंय."

शनिवारपासून माझ्या डोळ्यांसमोर होतं ते. काहीतरी खटकत होतं म्हणून मी तीन फॉन्ट बदलले, तिन्हींना नावं ठेवली, आणि चूक माझ्या बोटांत. साधा र, हलन्त, ह असं टाइप केलं की रफारच मिळणार. तिथे नुक्त्याचा ऱ लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो र च्याच कळीवर आहे, शिफ्ट दाबून. इतकी वर्षं मी ती कळ शिफ्टसकट कधी दाबलीच नव्हती. मामाकडे त्या र चा खिळा वेगळा असायचा म्हणे, चुकीच्या खणात हात गेला तर लगेच कळायचं.

मग सगळ्या वहीत शोधलं. 41 जागा. सरसकट बदलावं म्हटलं तर तेही नाही, कारण बर्डीला, म्हणजे आमच्या सीताबर्डी भागाला, रफारच हवा, तर्रीलाही. बर्डीच्या जागी "बऱ्डी" करून बसले असते तर गावानं फिरू दिलं नसतं. एकेक बघत गेले. आणि मधेच हे वाक्य आलं, चुलतभावाच्या लग्नाबद्दलचं: "आचार्यांनी पाटवडीचा रस्सा इतका तिखट केला की वरपक्ष पाणी पाणी करत सुटला." आचाऱ्यांनी म्हणायचं होतं मला. आचार्य बिचारे कुठे पाटवडी करत बसणार. मामा हसून हसून खोकायला लागला, आई पाणी घेऊन धावली.

बुधवार

ऑफिसात मार्चचे हिशेब अजून सरत नाहीत. फक्त एक केलं. आयत्या मिळालेल्या साच्यात पानाची भाषा हिंदी अशी नोंदलेली होती, ती मराठी केली. काही फॉन्टांत ल आणि श ची दोन्ही वळणं असतात आणि ही नोंद पाहून त्यातलं एक निवडलं जातं. "लहानपण" मधला ल क्षणात पाकळीचा झाला, शाळेत गिरवला होता तसा. फॉन्ट आता मुक्ता, मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या अक्षरकारांच्या गटानं केलेला, फुकट मिळतो. नाव ठेवायला जागा सापडली नाही.

गुरुवार रात्र

उकाडा तसाच. आईला फोन दिला आणि मी कांदे चिरायला बसले. अंबाझरीच्या सहलीचं लिहिलेलं वाचत होती. अंगठा हळूहळू वर सरकत होता, चष्मा वर-खाली नाही, फोन लांब धरणं नाही. बराच वेळ काही बोलली नाही. मी दोनदा विचारलं, कसं दिसतंय?

"थांब नं," ती म्हणाली. मग शेवटापर्यंत जाऊन, "तवा आपण तिघंच होतो तलावावर. तुझे बाबा ड्यूटीवर होते. चौघं कायले लिहिलं?"