सालामांकाचा बैल आणि पाच पाव

माद्रिदचे तीन दिवस म्हणजे संग्रहालयं आणि आत्याचे गुडघे. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते सालामांकाच्या बैलाबद्दल.

तोर्मेस नदीवर रोमन पूल आहे. त्याच्या शहराकडच्या तोंडाशी एक दगडी बैल उभा आहे, रोमनांच्याही आधीचा. मुंडकं नाही, अंगावर खड्डे. फोटो काढावा असं त्यात काहीही नाही, आणि मी निम्मं स्पेन ओलांडून आले ती त्याच्यासाठी.

1554 साली छापलेल्या 'लाथारियो दे तोर्मेस' या छोट्याशा पुस्तकात हा बैल येतो. गरीब आई आपलं पोर, लाथारियो, एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हवाली करते. गाव सोडताना आंधळा म्हणतो, बैलाला कान लाव, आत मोठा आवाज ऐकू येईल. पोर कान लावतं आणि म्हातारा त्याचं डोकं धाडकन दगडावर आपटतो. वर शिकवण देतो की आंधळ्याच्या पोराला सैतानापेक्षा काकणभर जास्त कळायला हवं.

मीही कान लावला. आत्या मागेच उभी होती, म्हणून एक डोळा तिच्यावर ठेवून. ऊन लागून दगड तापला होता, बाकी काही नाही.

"एवढ्यासाठी आणलंस मला?" आत्या म्हणाली. मग पुलाच्या कठड्याच्या सावलीत बसून तिला द्राक्षांची गोष्ट सांगितली. दोघांनी एकेक द्राक्ष खायचं ठरतं. आंधळा दोन-दोन उचलायला लागतो, तर पोरगं तीन-तीन. घोस संपल्यावर आंधळा म्हणतो, तू तीन-तीन खाल्लीस. कशावरून? तर मी दोन-दोन खात होतो आणि तू गप्प होतास. आत्या जाम हसली. पोरगं तिला आवडलं.

अशा कादंबऱ्यांना पिकारेस्क म्हणतात. 'पिकारो' म्हणजे काय, तर मराठीत अडचण होते. भामटा म्हटलं तर तो व्यवसाय झाला, खट्याळ म्हटलं तर फारच गोड. डांबिस बरा वाटतो, पण पोटासाठी डांबिस. स्वयंपाकघरात पडेल ते काम करणाऱ्या पोरालाही पिकारो म्हणत. गंमत म्हणजे 'लाथारियो'त हा शब्दच नाही. तो चिकटला 1599 च्या 'गुथमान दे अल्फाराचे' या कादंबरीमुळे. पण साचा इथलाच: स्वतःची गोष्ट स्वतः सांगणारा, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणारा नायक. त्या काळी लोक शूर सरदारांच्या कथा वाचत होते, आणि इथे हा पठ्ठ्या शेवटी पोहोचतो कुठे, तर तोलेदोत दवंडी पिटायच्या नोकरीला! त्यातच तो खूश.

लेखकाने नाव घातलं नाही, ते शहाणपणाचंच. पाद्र्यांची इतकी टर उडवल्यावर 1559 मध्ये पुस्तकावर बंदी आली. 1992 मध्ये बार्काररोता गावात एका घराची दुरुस्ती चालू असताना भिंतीत दडवलेली पुस्तकं निघाली, त्यात याची 1554 ची एक प्रत होती. आज स्पेनमध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यालाही लाथारियो म्हणतात.

आता तक्रार. दुपारी जेवलो तिथे न मागता पावाची टोपली आली. आम्ही हातही लावला नाही, तरी बिलात माणशी दीड युरो. विचारलं तर वाढप्याने खांदे उडवले. पैशांपेक्षा ते खांदे लागले. पुस्तकात माकेदाचा एक पाद्री आहे, पाव पेटीत कुलूपबंद ठेवतो आणि पोराला चार दिवसांनी एक कांदा देतो. मला तोच आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात नाश्त्याला आत्याने पाच छोटे पाव कागदी रुमालात गुंडाळले.

"अगं, कालचे तीन युरो वसूल नकोत का करायला?"

ते हॉटेल वेगळं, खानावळ वेगळी, हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दाराकडे लक्ष ठेवत उभी राहिले.

विद्यापीठ, दोन कॅथेड्रल, तो प्रसिद्ध चौक, सगळं पाहिलं. छान आहे. गर्दी फार.

परतीच्या गाडीत आत्याने पुडकं सोडलं, लसणाच्या चटणीची डबी काढली. पाव चार निघाले.

"पाच होते ना गं?"

मी खिडकीबाहेर बघत गप्प बसले.