सायकल न्यूझीलंडला नेली, जांबोटीची माती सोडून

धाकटी बहीण क्राइस्टचर्चला असते. दोन वर्षं डोकं खाल्लं तिनं, दादा ये आणि येताना सायकल घेऊनच ये, इथं जुन्या रेल्वेलाइनवर सायकलचा रस्ता केलाय म्हणून. ओटागो सेंट्रल रेल ट्रेल म्हणतात त्याला, क्लाइड ते मिडलमार्च १५२ किमी, लाइन १९९० ला बंद पडली, मग रूळ काढले आणि २००० पासून सायकलवाल्यांना मोकळा. मी बेळगावच्या टिळकवाडीतला माणूस, रेल्वेचं पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, निम्मं आयुष्य बंद गेटापाशी एक पाय टेकून उभं राहण्यात गेलंय, रूळ काढून सायकलला वाट दिली म्हटल्यावर बघायलाच पायजे होतं. तिथं भाड्यानं सायकल मिळते, पण आठ वर्षं बूड बसलेली आपली सीट सोडून दुसऱ्याच्या सीटवर १५२ किमी नको वाटलं.

आता खोकं. बाजारात सायकलच्या बॅगा मिळतात पण किंमत बघून मी गप्प बसलो. नवीन सायकल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून दुकानात येते ते खोकं फुकट मिळतं, फक्त आधी सांगून ठेवायचं, नाहीतर ते रद्दीत जातं. मला मिळालं ते १४० बाय ७८ बाय २२ सेंटीमीटर. दुकानदाराकडनं आणखी एक गोष्ट मागून घ्या, नवीन सायकलच्या पुढच्या फोर्कमधी एक प्लास्टिकचा तुकडा आडवा बसवलेला असतो, चाक नसताना फोर्क दबू नये म्हणून. ते लोक तो टाकून देतात, माझ्यासाठी तो सोन्याचा होता.

विमान कंपनीला दोनदा फोन केला, दोनदा दोन उत्तरं. शेवटी मेल करून खोक्याचं माप, वजन सगळं लिहून पाठवलं, २३ किलोच्या आत असेल तर चालेल असं लेखी उत्तर आलं, त्याची प्रिंट काढून पासपोर्टमध्ये ठेवली. ही प्रिंट पुढं मुंबईला कामाला आली.

हे सगळं सोपं. अवघड होती ती माती.

न्यूझीलंडवाले मातीच्या बाबतीत भयंकर कडक, बाहेरची माती, बी, गवताची काडी आत येऊ देत नाहीत, वापरलेली सायकल आणि बूट डिक्लेअर करायचेच, न सांगता काही सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. आणि माझी सायकल म्हणजे जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या रस्त्यावर पावसाळाभर हिंडलेली. आपल्या खानापूर तालुक्यातली ती तांबडी माती ज्याला लागली त्यालाच माहीत. वरून पुसली की गेली असं वाटतं, मग चेन उतरवली की कॅसेटच्या (मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची चवड) दोन दात्यांमधी सापडते, बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टाखाली, मडगार्डच्या घडीत, टायरच्या गुठळ्यांच्या बुडाशी तर वाळून विटेसारखी बसलेली.

पॅकिंगला दीड तास लागला आणि धुवायला दोन दिवस, खोटं नाही सांगत. डिझेलनं धुतो म्हणाला मेकॅनिक, आपल्याकडं तसंच करतात, पण मी नको म्हटलं, खोक्याला डिझेलचा वास आला तर विमानतळावर पंचाईत. भांड्याचा साबण, कोमट पाणी, चार जुने टूथब्रश आणि टायरसाठी दाताच्या काड्या. अंगणात चाक मांडीवर घेऊन एकेक खाच कोरत बसलो होतो तेव्हा आई चहा घेऊन आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "काय करूलाईस रे हे? लग्नात तुला बी एवढं घासून आंघोळ घातली नव्हती की."

खोलताना एक धडा. पेडल १५ च्या पान्यानं निघतं, पण डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, जोर लावून नेहमीसारखं फिरवलं तर ते आणखी घट्ट बसतं. मी पंधरा मिनिटं डावं पेडल घट्टच करत होतो. मेकॅनिक लांबून बघून हसला, म्हणाला, पाना वरच्या बाजूला धरा आणि मागच्या चाकाकडं ओढा, दोन्ही पेडलं तशीच सुटतात. एवढं लक्षात ठेवलं तर उजवं-डावं आठवायची गरज नाही.

पुढचं चाक काढलं, सीट काढली (आधी सीटपोस्टवर कुठपर्यंत होती तिथं टेप गुंडाळून खूण केली), हँडल सोडवून फ्रेमच्या बाजूनं आडवं बांधलं. मागचा डिरेलर (चेन हलवून गिअर बदलतो तो भाग) हँगरपासून, म्हणजे तो ज्या पट्टीला अडकवलेला असतो तिच्यापासून सोडून, बबल रॅपमध्ये गुंडाळून, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला फ्रेमला बांधला, कारण खोकं त्या कुशीवर आपटलं तर पहिला तोच वाकतो. माझे ब्रेक हायड्रॉलिक डिस्क, पुढचं चाक काढल्यावर पॅडच्या मधी पुठ्ठ्याची घडी घातली, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकाला चिकटतात आणि परत डिस्क आत जात नाही. पुढची डिस्क पण सहा बोल्ट काढून वेगळी ठेवली. टायरमधली हवा कमी केली पण पूर्ण नाही काढली, थोडी असली की रिमला मार लागत नाही.

फ्रेमला गुंडाळायला काय वापरलं सांगतो. एसीच्या तांब्याच्या पाइपवर काळी फोमची नळी चढवतात ना, ती. एसी-फ्रीजच्या सामानाच्या दुकानात मिळते, उभी चिरली की फ्रेमवर अशी फिट बसते जशी तिच्यासाठीच केलीय.

वजनासाठी खोकं रिक्षात घालून रविवार पेठेत ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याकडं नेलं. हमालानं काट्यावर ठेवलं, २४ किलो ६००. हेल्मेट, पंप, हत्यारं, कुलूप, सगळं मीच कोंबलेलं. कुलूप आणि हत्यारं दुसऱ्या बॅगेत गेली, २२ किलो ३०० वर आलं. व्यापारी म्हणाला, "आत काय आहे हो?" सायकल म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू न्यूझीलंडमध्ये सायकली मिळतच नाहीत.

मुंबईला रात्रीच्या स्लीपर बसनं गेलो. डिकीवाल्या पोऱ्यानं खोकं आडवं टाकलं आणि वर संकेश्वरी मिरचीची पोती रचायला घेतली. माझा जीवच गेला, दोन दिवस दातकोरणीनं माती काढली आणि आता हे मिरचीच्या बियांसकट तिकडं जाणार! शंभराची नोट दिली, पोती हलवली, खोकं उभं केलं, वर घरनं आणलेला प्लास्टिकचा कागद बांधला.

मुंबईला काउंटरवरची मुलगी म्हणाली हे चालणार नाही, प्रिंट दाखवली, चाललं. मग मोठ्या सामानाच्या वेगळ्या पट्ट्यावर नेलं, तिथं सिक्युरिटीनं टेप कापून आत बघितलं. टेपचं रीळ हातातल्या बॅगेत होतं म्हणून वाचलो, ते हातातच ठेवा. पॉवर बँक आणि लाइटच्या सुट्या बॅटऱ्या पण केबिनमध्येच घ्याव्या लागतात. कुंदा नेलाच नाही, बहीणच म्हणाली दुधाचं काही आणू नको, इथं काढून घेतील.

क्राइस्टचर्चला विमानतळावर माती तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं सायकल खोलून टायरवर बोट फिरवलं, चेनकडं वाकून बघितलं आणि म्हणाला, व्हेरी क्लीन. मी फुगलो. मग त्यानं बूट मागितले. बुटाच्या तळाला क्लीटच्या (बूट पेडलात अडकवायची पट्टी) बोल्टाच्या भोकात, एवढीशी, तांबडी. डिक्लेअर केले होते म्हणून दंड नाही, आत घेऊन गेला, दहा मिनिटांनी ओले बूट पिशवीत घालून परत दिले.

घरी जाऊन जोडायला घेतली तर पुढच्या चाकाचा क्विक रिलीज, म्हणजे चाक फोर्कात धरून ठेवणारा दांडा, गायब. पेडलं, डिस्कचे बोल्ट, सगळं छोटं सामान डब्यात घालून फ्रेमला बांधलं होतं, हा एकटाच शेवटी आठवला म्हणून तसाच सरकवला होता, आणि खोक्याला हाताला धरायला जी भोकं असतात त्यातनं तो कुठंतरी मुंबई ते क्राइस्टचर्चच्या मधी पडला. दुसऱ्या दिवशी नवीन घेतला, त्या किमतीत आपल्याकडं दोन टायर आले असते.

त्याच खोक्यातनं सायकल परतही आली. खोकं आता माळ्यावर आहे, कुणाला हवं असेल तर सांगा. भोकांना आतनं टेप लावून ठेवलाय.