काउंट वाढायला काय खाऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे आणि सोलापुरात व्यवसाय करतो. मूतखडा आणि प्रोस्टेट यांच्या खालोखाल माझ्याकडे येतात ती मूल होत नाही म्हणून हैराण झालेली जोडपी. त्यांतील जवळजवळ प्रत्येक पुरुष, कधी खुर्चीवर बसताक्षणी तर कधी पत्नी बाहेर गेल्याची खात्री करून घेऊन, एकच प्रश्न विचारतो: ‘डॉक्टर, काउंट वाढायला काय खाऊ?’ लग्नाच्या पंगतीत ओळखीचे लोक हाच प्रश्न ‘आमच्या एका मित्राचं विचारायचं होतं’ असे म्हणून विचारतात. उभ्या उभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

खाल्ल्याने काउंट, म्हणजे वीर्यातील शुक्राणूंची संख्या, हमखास वाढेल असा कोणताही पदार्थ मला ठाऊक नाही. उलट काहीतरी बंद केल्यामुळे किंवा एखादा दुरुस्त होण्याजोगा दोष वेळेवर सापडल्यामुळे रिपोर्ट सुधारलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. मात्र काय बंद करायचे आणि कोणता दोष शोधायचा, हे पुरुषाला टेबलावर घेऊन तपासल्याशिवाय कळत नाही. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्याकडे सर्वांत शेवटी होते. पत्नीची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा होऊन जाते आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी झालेली नसते. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो, हे लक्षात घेतले तर हा क्रम किती उलटा आहे ते समजेल.

आधी खाण्याचेच बोलू. अश्वगंधा, मुसळी, डिंकाचे लाडू, भिजवलेले बदाम यांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्यावर विसंबून दोन वर्षे घालवलेली जोडपी पाहिली की वाईट वाटते. झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या तर आम्ही डॉक्टर मंडळीच सर्रास लिहून देतो. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या पुरुषांना सहा महिने या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या होत्या. मूल जन्माला येण्याचे प्रमाण एका गटात 34 टक्के आणि दुसऱ्यात 35 टक्के निघाले, म्हणजे फरक पडला नाही. पोटाच्या तक्रारी मात्र गोळ्या घेणाऱ्यांत अधिक आढळल्या. घरचे साधे जेवण, भाज्या, फळे, डाळी, जमल्यास मासे, एवढे आहाराबद्दल पुरेसे आहे.

आता हातातल्या रिपोर्टाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत एका मिलिलिटर वीर्यात 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण हालचाल 42 टक्के आणि योग्य आकाराचे शुक्राणू 4 टक्के असे आकडे दिलेले आहेत. वर्षभराच्या आत ज्यांच्या पत्नीला दिवस गेले, अशा पुरुषांपैकी खालच्या पाच टक्क्यांची सीमा म्हणून हे आकडे ठरले आहेत. त्यामुळे त्यापेक्षा कमी असलेला पुरुष बाप होऊच शकत नाही असेही नाही, आणि जास्त असलेला निश्चिंत झाला असेही नाही. ‘फक्त 4 टक्के नॉर्मल’ हे वाचून रात्रभर झोप न लागलेले लोक माझ्याकडे येतात, तेव्हा 4 टक्के म्हणजे उत्तीर्ण, हे त्यांना समजावून सांगण्यातच पहिली दहा मिनिटे जातात.

शिवाय नमुना कसा दिला यावर बरेच अवलंबून असते. मध्ये दोन ते सात दिवसांचा खंड हवा, नमुना पूर्ण हवा आणि तो तासाभराच्या आत तपासला गेला पाहिजे. मंगळवेढ्याहून किंवा अक्कलकोटहून प्लास्टिकची डबी पिशवीत घालून एसटीने आलेल्या नमुन्यात हालचाल कमी दिसली, तर तो दोष त्या पुरुषाचा नव्हे. प्रयोगशाळेत दिलेला नमुना उत्तम. संकोचामुळे ते जमत नसेल तर जवळच कुठेतरी सोय करावी आणि डबी अंगालगत, कपड्यांच्या आत ठेवून आणावी. रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा केल्याशिवाय मी कोणताही निष्कर्ष काढत नाही.

यामागचे कारण असे की शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्यास अडीच ते तीन महिने लागतात. आजचा रिपोर्ट म्हणजे तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या कामाचा हिशेब होय. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोणताही जोराचा ताप येऊन गेला असेल तर महिना-दोन महिन्यांनी काउंट घसरलेला दिसतो आणि पुढे आपोआप सावरतो. त्याचप्रमाणे आज तंबाखू सोडली तर तिचा लाभ पुढच्या आठवड्यात मोजता येणार नाही. ‘पंधरा दिवस औषध घेतलं, फरक नाही’ ही तक्रार म्हणूनच निरर्थक ठरते.

बंद करण्याच्या गोष्टींत हल्ली मी सर्वांत आधी विचारतो ते इंजेक्शनबद्दल. पिळदार शरीराचा, तिशीच्या आतबाहेरचा तरुण येतो, रिपोर्टात शुक्राणू शून्य असतात. आमच्याकडे वृषणाचा आकार मोजण्यासाठी लहानापासून मोठ्यापर्यंत अंडाकृती मणी ओवलेली एक माळ असते. एका हाताने वृषण चाचपून दुसऱ्या हाताने जुळता मणी शोधायचा, इतकी साधी पद्धत आहे. प्रौढ पुरुषात साधारणपणे 15 ते 25 मिलिलिटरचा मणी जुळतो. या तरुणाला 10 चाही मोठा पडतो आणि वृषण मऊ लागते. मग हळूहळू कळते की जिममधल्या कोणाच्या तरी सल्ल्याने त्याने वर्षभर टेस्टोस्टेरॉन घेतलेले आहे. पुरुषत्वाचे संप्रेरक घेतल्याने शुक्राणू संपतात, हे ऐकून तो चक्रावतो. पण पाण्याची टाकी भरली की फ्लोट जसा मोटर बंद करतो, तसे बाहेरून आलेले टेस्टोस्टेरॉन रक्तात दिसताच मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वृषणाला दिले जाणारे आदेश थांबवते. रक्तात संप्रेरक भरपूर असते आणि वृषणाच्या आत, जेथे शुक्राणू तयार होतात, तेथे त्याचा दुष्काळ पडतो. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात टेस्टोस्टेरॉनच्या साप्ताहिक इंजेक्शनांच्या चाचण्या घेतल्या होत्या.

इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांत शुक्राणू परत येतात, पण त्याला सहा महिने ते वर्ष, क्वचित त्याहूनही जास्त काळ लागतो, आणि काहींना वृषणाला चालना देणारी औषधे द्यावी लागतात. दुःखाची गोष्ट अशी की हेच इंजेक्शन ‘अशक्तपणा’ म्हणून किंवा चक्क काउंट वाढवण्यासाठी म्हणून लिहून दिलेलेही मी पाहिले आहे. मूल हवे असलेल्या पुरुषाने टेस्टोस्टेरॉन कोणत्याही रूपात घेऊ नये. चिठ्ठी कोणीही लिहिलेली असो.

तंबाखू, मावा, विडी, सिगारेट यांनी शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, त्यांच्यातील डीएनएलाही इजा होते. चघळण्याची तंबाखू ओढण्यापेक्षा बरी, हा आमच्या भागातला समज चुकीचा आहे. रोजच्या दारूचेही तेच. यावर अधिक लिहीत नाही. सोडायची की नाही एवढाच प्रश्न असतो.

उष्णतेचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. वृषणे शरीराबाहेर असतात कारण त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. साखर कारखान्यातील बॉयलरसमोर, बेकरीच्या भट्टीजवळ किंवा ट्रकच्या तापलेल्या केबिनमध्ये वर्षानुवर्षे बसणाऱ्यांचा धंदा मी विचारून घेतो. पण ‘नोकरी सोडा’ असे सांगणे सोपे आणि निरुपयोगी आहे. कामाची पाळी बदलून घेणे, मधून मधून उठणे, लॅपटॉप मांडीवरून टेबलावर नेणे, सैल सुती अंतर्वस्त्रे वापरणे, कढत पाण्यात बसून राहणे टाळणे, इतके करता येते. बोस्टनमधील 656 पुरुषांच्या एका अभ्यासात, जो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, सैल चड्डी वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचे प्रमाण 25 टक्के अधिक होते, मात्र दोन्ही गटांची सरासरी नॉर्मलच होती. खिशातल्या मोबाइलबद्दल ठामपणे बोलावे असा पुरावा नाही. तो शर्टाच्या खिशात ठेवून मावा खाणाऱ्या माणसाचे प्राधान्यक्रम मात्र चुकलेले आहेत.

सांगोल्याकडचे डाळिंबवाले आणि नान्नजचे द्राक्षबागायतदार फवारणीबद्दल विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील रसायन कारखान्यात डीबीसीपी नावाचे सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आले की आपल्यापैकी कोणालाच मुले होत नाहीत. तपासणीत अनेकांचे शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य निघाले. काम करणारा पुरुष धडधाकट दिसत असतानाही रसायन त्याचे बीज संपवू शकते, हे त्या घटनेने जगाला दाखवले. आजची औषधे वेगळी आहेत, तरी उघड्या अंगाने, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, हातमोज्यांशिवाय फवारणी करण्याचे समर्थन त्यामुळे होत नाही.

आता तपासणीविषयी, कारण औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दुरुस्त होणाऱ्या गोष्टी तेथेच सापडतात. रुग्णाला उभे करून, जोर लावायला सांगून वृषणावरच्या शिरा चाचपल्या की व्हेरिकोसील, म्हणजे फुगलेल्या शिरा, हाताला लागतात. त्या बहुधा डाव्या बाजूला असतात, कारण डाव्या वृषणाची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. साधारण 15 टक्के पुरुषांत त्या असतात आणि मूल न होणाऱ्यांत याच्या दुपटीहून अधिक. हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि खराब रिपोर्ट एकत्र असतील तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची चांगली शक्यता असते. मात्र नुसत्या सोनोग्राफीत दिसलेल्या आणि हाताला न लागणाऱ्या शिरांवर शस्त्रक्रिया करून काही साधत नाही. असा सल्ला मिळाला असेल तर दुसरे मत जरूर घ्या.

त्याच तपासणीत, वृषणातून वर जाणारी बीजवाहिनी बोटांत शिवणीच्या जाड दोऱ्यासारखी फिरते की नाही, हेही कळते. काहींत ती जन्मतःच दोन्ही बाजूंना नसते. वीर्य एक मिलिलिटरपेक्षा कमी आणि त्यात शुक्राणू शून्य, असा रिपोर्ट असेल तर याची आठवण ठेवावी. अशा पुरुषाच्या वृषणात शुक्राणू व्यवस्थित तयार होत असतात, फक्त त्यांना वाट नसते. सुईने ते काढून पत्नीच्या बीजात सोडता येतात. परंतु हा दोष बहुधा सीएफटीआर नावाच्या जनुकाशी निगडित असल्यामुळे, आणि तो आई-वडील दोघांकडून आल्यास बाळाला गंभीर आजार होऊ शकत असल्यामुळे, आधी पती-पत्नी दोघांची जनुकीय तपासणी करावी लागते, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्ने होतात तेथे तर ती टाळूच नये.

शून्य शुक्राणूंचा दुसरा प्रकार अधिक अवघड आहे, कारण तेथे कारखान्यातच उत्पादन नसते. वयात आल्यावर झालेले गालगुंड, लहानपणी खाली न उतरलेले वृषण, कर्करोगाचे उपचार, क्लाइनफेल्टर म्हणजे एक्स गुणसूत्र जादा असणे किंवा वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असणे, ही त्याची काही कारणे. यांतही काहींच्या वृषणात सूक्ष्मदर्शकाखाली शोधल्यावर थोडे शुक्राणू सापडतात. पीयूषिकेतील बिघाडामुळे शून्य असेल तर (टेस्टोस्टेरॉनच्या नव्हे, दुसऱ्या संप्रेरकांच्या) इंजेक्शनांनी उत्पादन सुरू होऊ शकते, म्हणून एफएसएच, एलएच (पीयूषिकेकडून वृषणाला आदेश देणारी संप्रेरके) आणि टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी न करता कोणालाही ‘आशा नाही’ म्हणू नये. कर्करोगाची केमोथेरपी ठरली असेल तर ती सुरू होण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवता येते. अविवाहित मुलाच्या वडिलांना हे सुचवताना अवघडल्यासारखे होते, पण ते सांगितलेच पाहिजे.

लठ्ठपणात चरबी टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रीत्वाचे संप्रेरक, करते, मधुमेहात वीर्य उलट मूत्राशयात जाऊ शकते, आतड्याच्या आजारावरचे सल्फासॅलॅझिन काउंट घटवते. म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध सांगावे, परंतु मनाने बंद करू नये.

‘साठवून ठेवलं तर जोर वाढतो’ या समजुतीने महिन्यातून एकदाच जवळ येणारी जोडपीही भेटतात. दोन-तीन दिवसांआड संबंध ठेवणे सर्वांत चांगले. बाजारातील बहुतेक वंगण जेली आणि थुंकी शुक्राणूंची हालचाल मंदावतात, म्हणून ती टाळावीत. पत्नीचे वय 35 च्या आत असेल तर वर्षभर आणि त्याहून जास्त असेल तर सहा महिने प्रयत्न करून दोघांनी एकत्रच तपासणीला यावे. येताना जुने सगळे रिपोर्ट, लहानपणी हर्निया किंवा वृषणाचे ऑपरेशन झाले असल्यास त्याची माहिती आईला विचारून, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, आणि जिममध्ये कोणी दिलेली पावडर किंवा इंजेक्शनची खोकी, पत्नीच्या नजरेआड ठेवलेली असली तरी, बरोबर आणावीत.